सातव्या रकान्यातलं गाव

माझ्या चुकीमुळे एक म्हातारी बाई कागदावर दुसऱ्या देशात जन्मली. ही हकीकत मी आजवर दोघा-तिघांनाच सांगितली आहे, आणि सांगताना दर वेळी चुकीचा भाग घाईनं उरकला आहे. इथे तसं करायचं नाही, असं ठरवून बसलो आहे.

२००३ च्या ऑगस्टमध्ये मी संख्याशास्त्रात एम.एस. करायला ॲरिझोनात आलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बाबा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सरकी काढायच्या जिनिंगमध्ये कामाला होते आणि आई हंगामात कापूस वेचायला जायची. मला इंग्रजी वाचता यायचं, लिहिताही यायचं. पण कुणी समोर उभं राहून काही विचारलं की माझं वाक्य तोंडापर्यंत येईतो विचारणारा पुढे गेलेला असायचा. त्यामुळे दुसऱ्या सत्रात एका प्राध्यापिकाबाईंनी मला आपल्या प्रकल्पात घेतलं, तेव्हा मी खूश झालो. आकडेमोड असेल, कोपऱ्यात बसून करता येईल, असं वाटलं. प्रत्यक्षात काम निघालं म्हाताऱ्या माणसांचे जन्म लिहून घेण्याचं.

आमच्या शहरापासून गाडीनं दीडेक तासावर तिथल्या मूळ रहिवाशांचा मुलूख सुरू होतो. त्यांच्या भाषेत त्यांच्या नावाचा अर्थ ‘वाळवंटातली माणसं’ असा आहे. दीडशे वर्षांपूर्वी दोन सरकारांनी आपसांत व्यवहार करून नकाशावर एक रेघ ओढली, ती नेमकी या माणसांच्या मुलखातून गेली. काही गावं अमेरिकेत राहिली, काही मेक्सिकोत गेली. गावांना कुणी विचारलं नव्हतं. पुढे बरीच वर्षं त्या रेघेनं फारसं काही बिघडलं नाही, कारण जमिनीवर ती म्हणजे गुरं अडवायचं काटेरी तारेचं कुंपण होती आणि कुंपणाला फाटकं होती. लोक फाटक उघडून लग्नाला जात, मयतीला जात, दवाखान्यात येत. २००१ नंतर पहारा वाढला. हिरव्या गणवेशातले पहारेकरी फाटकाशी कागद मागायला लागले. म्हाताऱ्यांकडे कागद कुठून असणार? ती सगळी घरी जन्मलेली, सुईणीच्या हातात.

आपल्याकडे तहसिलीत उशिराची जन्मनोंद करतात, तशी तिथेही करता येते. त्यासाठी अर्जदाराचा जबाब लागतो, पुरावा लागतो. जबाब लिहून घेऊन अर्ज भरून द्यायचे, हे आमचं काम. अर्जाला अकरा रकाने होते. सातवा जन्मठिकाणाचा.

ज्या आजींबद्दल सांगतो आहे त्यांची नात दवाखान्याची व्हॅन चालवायची. डायलिसिसच्या पेशंटना घरून आणायचं आणि परत सोडायचं, हे तिचं काम. पस्तिशीची, जाडजूड वेणी, बोलणं तिखट. पहिल्या दिवशी तिच्याच व्हॅनमधून मी आजींच्या घरी गेलो. मी कुठला, असं तिनं विचारलं. मी इंडियाचा म्हटल्यावर तिनं आरशातून माझ्याकडे बघून घेतलं.

“खरा इंडियन?”

“हो.”

“तुमच्याकडे यायला निघालेला तो दर्यावर्दी वाट चुकला आणि आमच्या बोकांडी बसला. पाचशे वर्षांनी तुम्ही माणूस पाठवलात होय? माफी मागायला?”

मी खरंच “सॉरी” म्हणालो. ती इतकी हसली की मागच्या सीटवरच्या दोन पेशंटनी काय झालं म्हणून विचारलं. तिनं त्यांच्या भाषेत सांगितलं, मग तेही हसले.

आजी दारापुढच्या मांडवात बसल्या होत्या. मांडवच म्हणतो, दुसरा शब्द मला त्यासाठी सुचत नाही. वेड्यावाकड्या लाकडाचे चार खांब आणि वर काटक्यांचं छत. पुढ्यात परात घेऊन त्या शेंगदाण्यांहून बारीक तपकिरी बिया निवडत होत्या, वाळवंटातला वालासारखा एक प्रकार. मी पाया पडायला वाकलो आणि अर्ध्यावर थांबलो, कारण इथे तसं करतात की नाही ते माहीत नव्हतं. त्यांना वाटलं माझं काही खाली पडलं. त्यांनीही वाकून शोधायला सुरुवात केली.

त्यांना काय हवं होतं ते त्यांनी आधीच सांगून टाकलं. आई-वडील, नवरा, दोन मुलं, सगळ्यांच्या कबरी कुंपणाच्या दक्षिणेला त्यांच्या गावात होत्या. दरवर्षी दोन नोव्हेंबरला कबरी साफ करायच्या, मेणबत्त्या लावायच्या, गेलेल्यांना जेवू घालायचं, अशी रीत. दोन वर्षं त्या गेल्या नव्हत्या. मूत्रपिंडं गेली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, आणि दवाखाना कुंपणाच्या उत्तरेला, म्हणून त्याही आता इकडेच राहत.

“जाताना कुणी अडवत नाही,” त्या म्हणाल्या. नात एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होती. “येताना अडवतात. आणि आले नाही तर बुधवार चुकतो. बुधवार चुकला की मग मीच कबरीत. मग मला कोण जेवू घालणार?”

आमच्या प्रश्नांच्या यादीत सातवा प्रश्न मोठा बोजड होता. जन्म झाला ते स्थान, जिल्हा, राज्य, आणि त्या काळची प्रशासकीय विभागणी, असं काहीतरी. नात तो दोनदा वाचून कपाळाला हात लावून बसली. बाहेर व्हॅनमध्ये पेशंट खोळंबले होते. तेव्हा मी, जो कधी पुढाकार घेत नसे, तो म्हणालो, “एवढं कशाला? सरळ विचार, गाव कोणतं?”

मला स्वतःचं कौतुक वाटलं. मला आठवतंय तसं. आपल्याला खेड्यातल्या माणसाशी कसं बोलायचं ते कळतं, असं मनात आलं.

नातीनं विचारलं. आजींनी लगेच नाव सांगितलं. मी एकेक अक्षर विचारून ते सातव्या रकान्यात लिहिलं. त्यानंतर आजी बराच वेळ बोलत राहिल्या. बोलता बोलता हवेतून काहीतरी पटापट खुडून कमरेशी टाकल्यासारखे हात करत होत्या.

“काय म्हणतायत?” मी विचारलं.

“जुन्या गोष्टी. कापसाच्या. चल, उशीर झाला.”

मी पेनाला टोपण लावलं होतं. आजींनी सही केली. दुभाषी म्हणून नातीनं व्हॅनच्या बॉनेटवर कागद ठेवून न वाचता सही केली, आणि जबाब लिहून घेणारा म्हणून मी.

मे महिन्यात उत्तर आलं. नात ते घेऊन सरळ आमच्या विभागात आली, व्हॅन इमारतीच्या दारातच लावून. पत्र माझ्या टेबलावर आपटून उभी राहिली. अर्जदाराचा जन्म तिच्या स्वतःच्या जबाबानुसार देशाबाहेरचा असल्यानं या राज्यात नोंद करता येत नाही, असं दोन ओळींत लिहिलं होतं.

“हे काय आहे?” ती म्हणाली.

मी अर्जाची प्रत काढली. सातवा रकाना दाखवला.

“हे तर तिचं गाव आहे.”

“हो. त्यांनीच सांगितलं.”

“गाव आहे रे! जन्म कुठे तिथला? जन्म इकडचा तिचा. आमच्या घरात शेंबड्या पोराला माहीत आहे.”

“मग त्या गावाचं नाव का म्हणाल्या?”

“कारण तू गाव विचारलंस!” ती जवळजवळ ओरडली. मग खुर्ची ओढून बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “आणि मीही तेच विचारलं. मला वाटलं, तू शिकलेला आहेस, तुला माहीत असेल काय विचारायचं ते.”

हे शेवटचं वाक्य मला फार लागलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मला शिकलेला समजून माझ्यावर विसंबलं होतं.

माझा रूममेट पुण्याचा होता, कंप्युटर सायन्सवाला. त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो मॅगी खात होता.

“सिंपल आहे,” तो म्हणाला. “प्रोफेसरना इन्फॉर्म कर आणि विषय ड्रॉप कर.”

“पण जबाबावर माझी सही आहे.”

“म्हणूनच! यार, शपथेवरचा कागद आहे तो. आता तू लिहून देणार की मी खोटं लिहिलं होतं? व्हिसावर आहेस तू. उद्या कुणी फाइल ओपन केली तर? तुझ्या बाबांना काय सांगशील, आजीसाठी परत आलो?”

“खोटं नाही, चुकीचं लिहिलं.”

“ऑफिसात बसलेल्या माणसाला तो डिफरन्स कळतो का?”

भीती वाटत होती, ती नाकारत नाही. दोन दिवस मी प्राध्यापिकाबाईंच्या केबिनपर्यंत जाऊन परत आलो. मनात एकच घोळत होतं: गाव विचारल्यावर जन्मठिकाण मिळेल, असं मला वाटलंच कसं?

शनिवारी संध्याकाळी घरी फोन लावला. तिकडे रविवारची सकाळ. घरी फोन नव्हता. शेजारच्या किराणा दुकानात लावायचा आणि त्यांनी आईला हाक मारायची. आई धापा टाकत आली.

“हॅलो, तू व्हय? बरा हायेस ना बावा?”

“बरा हावो. आई, माहा जन्म कुठी झाला वं?”

“काऊन इचारतं? तुले कोनं काही म्हटलं काय?”

“नाही वं. सांग ना.”

“तुह्या मामाच्या घरी. पयलं बाळंतपन माहेरीच असते. पोळा होता त्या दिवशी. बैलं धुवून तुहा मामा घरी आला अन् तू झाला.”

“मंग दाखल्यावर बाबाचं गाव कसं लिवलं?”

“मास्तरनं इचारलं, गाव कोनतं? तुह्या बाबानं सांगतलं. आता काय सासरवाडीचं गाव सांगन काय तो? जीव नाही जाईन त्याचा!”

“अन् तारीख एक जून कशी?”

“ते मास्तरची तारीख. त्यानं साऱ्या वर्गातल्या पोराइले एकाच दिवशी जन्माले घातलं. आमी आपलं नऊ-नऊ महिने मेहनत करत बसलो.” दुकानातलं कुणीतरी हसल्याचं ऐकू आलं. आई म्हणाली, “जेवला काय?”

फोन ठेवल्यावर मी तिथेच बसून राहिलो. माझ्या पासपोर्टवर जे जन्मठिकाण छापलेलं आहे तिथे मी जन्मलेलो नाही, आणि ते मला कधीच खटकलं नव्हतं. आपल्याकडे गाव विचारतात तेव्हा तू कुणाचा, असं विचारतात. जन्म आजोळी होतो, गाव बापाचं असतं. आजींनी मला बरोबर उत्तर दिलं होतं. मीच माझ्या प्रश्नाचा अर्थ विसरून ते उत्तर दुसऱ्याच रकान्यात लिहिलं होतं.

सोमवारी मी केबिनचं दार वाजवलं. बाईंना सगळं सांगितलं, मामाच्या घरासकट. वाक्यं तुटत होती, पण थांबलो नाही. बाई म्हणाल्या, चूक प्रकल्पाची आहे असं मी पत्र देते, तुझं नाव कशाला? मी म्हटलं, प्रश्न यादीत बरोबर होता, मी बदलला. माझ्या नावानंच जायला हवं. बाईंनी अर्जाची प्रत पुढे ओढली.

“ठीक आहे. मग मीही सोबत सही करीन. पण नुसतं ‘चुकलं’ म्हणून भागणार नाही. जन्म इथला असल्याचा पुरावा लागेल. आहे?”

“शोधतो,” मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात पुन्हा मांडवात गेलो. या वेळी व्हॅन रिकामी करून, पाणी पिऊन, निवांत. प्रश्न मी आधीच घोकून ठेवला होता. नातीनं तो जसाच्या तसा विचारला: तुमच्या आईच्या पोटातून तुम्ही बाहेर आलात, तेव्हा आई कुठे होती?

आजी हसायला लागल्या. परात खाली ठेवावी लागली. मग काही बोलल्या आणि नातही हसायला लागली.

“काय म्हणतायत?”

“म्हणतेय, मागच्या वेळी हा पोरगा किती लाजाळू होता. आता थेट पोटातच शिरला.”

मग त्यांनी सांगितलं. हंगामात उत्तरेकडच्या शेतांवरून ट्रक यायचे, कुंपणाच्या फाटकापर्यंत. गावातली बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं त्यात बसून कापूस वेचायला जायची आणि दोन-तीन महिने शेताकडेच्या छावणीत राहायची. आजींची आई नववा महिना भरत आलेला असतानाही गेली. दुपारी सरीत वेचता वेचता कळा सुरू झाल्या. बायकांनी तिला सरीच्या टोकाला नेलं, वेचणीच्या लांब पिशव्या दोन्ही बाजूंनी धरून आडोसा केला आणि पोर कापसावर घेतलं. हे सांगताना आजींनी पुन्हा तेच हात केले, हवेतून खुडून कमरेशी टाकायचे.

या वेळी मला ते हात दिसले. मी लहानपणापासून रोज पाहिलेले हात होते ते. मी खांद्यावरचा टॉवेल काढून कमरेला बांधला, दोन टोकं वर खोचून ओटी केली आणि माझी आई कशी दोन्ही हातांनी बोंडं वेचते ते करून दाखवलं. आजी उठून उभ्या राहिल्या. त्यांनी माझा हात हातात घेऊन बोटांची टोकं बघितली.

“याला टोचलेलं दिसत नाही,” त्या नातीला म्हणाल्या. “आईनं वेचलं, यानं नुसतं बघितलं.”

खरं होतं. आई मला वेचणीला नेत नसे. तू अभ्यास कर, म्हणायची. मी ते सांगितलं. आजींनी मान हलवली आणि म्हणाल्या, “मग आता कर अभ्यास. पाद्री आला होता छावणीत, एका रविवारी. माझ्या डोक्यावर पाणी घातलं त्यानं. त्यांच्याकडे मोठ्या वह्या असतात.”

पण वर्ष कोणतं? आजींना ठाऊक नव्हतं. दवाखान्याच्या कार्डावर जन्मतारीख होती, एक जुलै. ती वाचली आणि मला पहिल्यांदाच जरा हायसं वाटलं.

“ही तारीख कुणी दिली?” मी विचारलं.

“शाळेतल्या बाईनं.”

“चूक आहे. जुलैत कापूस कुणी वेचत नाही.”

नात माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं, तारीख मास्तरांची असेल तर वर्षही मास्तरांचंच असणार. आमच्याकडे मुलं अंगापिंडानं मोठी दिसली तर एक वर्ष वाढवतात, बारीक असली तर कमी करतात. तेव्हा कार्डावरच्या वर्षाच्या पुढची-मागची तीन-तीन वर्षं बघायची, आणि दर वर्षातले फक्त वेचणीचे महिने.

“तुमच्याकडे हे नीट शिकवतात वाटतं,” नात म्हणाली. “खोट्या तारखा.”

कापसाच्या पट्ट्यातल्या एका छोट्या गावच्या चर्चमध्ये त्या वह्या सापडल्या. तिथलं कामकाज बघणाऱ्या बाई फक्त शनिवारी यायच्या. जून महिना, बाहेर आपल्या विदर्भालाही लाजवील असं ऊन, आणि आत एक कुरकुरणारा पंखा. नोंदी स्पॅनिशमध्ये, पाद्र्याचं अक्षर मुंग्यांसारखं. मला स्पॅनिश येत नव्हतं. मी महिन्यांची नावं, ‘मुलगी’ला काय म्हणतात, ‘आई’ला काय म्हणतात, असे दहा-बारा शब्द एका चिठ्ठीवर लिहून घेतले आणि ओळीला पट्टी लावून एकेक नोंद वाचू लागलो. आजींच्या आई-वडिलांची नावं दर ठिकाणी वेगळ्या स्पेलिंगनं असू शकतात हे धरून चाललो. माझ्या मार्कशीटवर आणि पासपोर्टवर माझंच आडनाव दोन तऱ्हेचं आहे.

पहिला शनिवार गेला. दुसराही गेला. दुसऱ्या शनिवारी मला वाटलं सापडली, पण आईचं नाव जुळलं नाही. त्या दिवशी बसनं परत येताना फार निराश झालो होतो. रूममेट म्हणाला, “अजून किती वीकेंड्स वेस्ट करणार आहेस?” मी म्हटलं, “वह्या संपेपर्यंत.” तिसऱ्या शनिवारी मात्र त्यानं मला स्वतःच्या गाडीनं सोडलं. म्हणाला, “मी आत येणार नाही हं. एसी लावून बसतो.” अर्ध्या तासानं आत आला आणि दुसरी वही उघडून बसला.

चौथ्या शनिवारी नोंद सापडली. कार्डावरच्या वर्षाच्या दोन वर्षं आधीचा डिसेंबर. आईचं नाव, वडलांचं नाव, दोन्ही जवळपास बरोबर. समासात एक ओळ जास्तीची होती. चर्चच्या बाईंनी चष्मा पुसून ती वाचली आणि मला सांगितली: नऊ दिवसांपूर्वी इथल्या कापूस छावणीत जन्मलेली. पाद्र्यानं शेताच्या मालकाचं आडनावही लिहिलं होतं, म्हणजे छावणी कुठली याबद्दल शंका नको. रूममेटनं माझ्या पाठीत जोरात थाप मारली आणि बाईंनी त्याला ओठांवर बोट ठेवून दटावलं.

आजींना सांगायला गेलो तेव्हा त्या डायलिसिसच्या खुर्चीत होत्या. नातीनं सगळं समजावून सांगितलं. आजी नाराज झाल्या.

“म्हणजे मी आणखी दोन वर्षांनी म्हातारी? हे लिहिलंच पाहिजे का?”

लिहिलं. नोंदीची शिक्क्याची प्रत, प्राध्यापिकाबाईंचं पत्र आणि माझं प्रतिज्ञापत्र. त्यात मी लिहिलं की अर्जदारानं आधीही खरंच सांगितलं होतं. मी तिचं गाव विचारलं आणि ते जन्मठिकाण म्हणून लिहिलं, चूक पूर्णपणे माझी. नोटरीसमोर सही करताना मला वाटलं होतं की हात अडखळेल. अडखळला नाही.

प्रश्नांची यादीही मी बदलायला लावली. सातव्या प्रश्नाचे दोन केले. आधी आई कुठे होती ते, मग गाव कोणतं ते. बाई म्हणाल्या, दुसऱ्याला अर्जात रकानाच नाही. मी म्हटलं, रकाना नसू दे, पण गाव विचारल्याशिवाय ही माणसं पुढचं बोलणार नाहीत, आणि विचारलं नाही तर ते पहिल्या उत्तरात घुसेल. त्या हसल्या आणि राहू दिलं. त्या उन्हाळ्यात मी त्याच यादीवर आणखी एकोणीस जबाब घेतले. एकही परत आला नाही.

आजींचा दाखला ऑक्टोबरच्या मध्यावर आला. त्यावरून ओळखपत्र व्हायला आणखी दोन आठवडे. त्या वर्षी दोन नोव्हेंबर मंगळवारी आला होता. म्हणजे सोमवारचं डायलिसिस संपवून दुपारी निघायचं, मंगळवारी कबरी, मंगळवारी संध्याकाळी परत, आणि बुधवारी सकाळी सहाला पुन्हा खुर्चीत. दवाखान्यातल्या नर्सनी आजींना दोन दिवसांच्या पाण्याचं माप आखून दिलं. सोमवारी नातीनं आणि मी त्यांना फाटकापर्यंत सोडलं. पलीकडे भाचा जुना ट्रक घेऊन उभा होता. नातीला मंगळवारी व्हॅन चालवायची होती, मला माझ्या व्हिसावर त्या फाटकातून जाता येत नव्हतं. आजी एकट्याच पलीकडे गेल्या, एका हातात मेणबत्त्यांची पिशवी, दुसऱ्यात दाखला आणि ओळखपत्र घातलेलं प्लास्टिकचं पाकीट. मागे वळून पाहिलं नाही.

मंगळवारी आम्ही चार वाजताच फाटकाशी जाऊन थांबलो. पाच वाजले. पहारेकऱ्यांची गाडी आली आणि थोड्या अंतरावर उभी राहिली. साडेपाच वाजले. ऊन उतरलं, निवडुंगांच्या सावल्या लांब झाल्या. नात दर दोन मिनिटांनी गाडीतून उतरत होती.

“कागद आहे तिच्याकडे,” मी म्हणालो.

“कागदाचं नाही रे. पाणी जास्त प्यायली असेल तर? तिकडे सगळे खाऊ घालतात.”

पावणेसहाला धुरळा दिसला. भाच्यानं ट्रक थांबवला आणि आजी उतरल्या. हळूहळू चालत फाटकाशी आल्या. पाय थोडे सुजलेले होते. पहारेकरी पुढे झाला. तरुण होता, नम्रपणे बोलत होता. त्यानं पाकीट घेतलं, ओळखपत्र बघितलं, मग दाखला काढून वरपासून खालपर्यंत वाचला. नातीनं तोंड उघडलं तशी मी तिचा दंड धरला. त्यानं कागदाची घडी पुन्हा तशीच घालून पाकिटात ठेवली, आजींच्या हातात दिली आणि फाटक स्वतः उघडून धरलं.

गाडीत बसल्यावर नातीनं आधी आजींचे घोटे दाबून पाहिले, मग विचारलं, “काय सांगितलंस कबरींतल्या सगळ्यांना?”

“सांगितलं, दोन वर्षं यायला जमलं नाही. रागावू नका. पुढच्या वर्षी येते.” आजींनी चपला काढल्या आणि पाय सीटवर घेतले. “तर आता चल. उद्या सहाला पोचायचंय.”